मंडळीतल्या बंधूशी झालेला वाद कसा मिटवावा

प्रार्थना करावी आणि राग निवल्यावर बोलावे, हे कोणी नव्याने सांगण्याची गरज नाही. बायबलमधल्या मत्तय १८:१५-१७ मधील क्रमही बहुतेक ख्रिस्ती वाचकांना पाठ असतो: अपराध करणाऱ्या बंधूकडे, म्हणजे सोबतच्या विश्वासी माणसाकडे, आधी एकट्याने जावे, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांना, सांगावे. प्रत्यक्षात हा क्रम आपण उलटा चालवतो. आधी मंडळीभर चर्चा होते आणि ज्याच्याशी वाद आहे त्याला सर्वांत शेवटी कळते.

त्याआधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवावी. मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा मुलांशी गैरवर्तन हा वाद नव्हे, गुन्हा आहे, आणि त्यासाठी सरळ पोलिसांकडे जावे. पीडित व्यक्तीला अपराध्याच्या भेटीस एकटे पाठवणे हा क्रूरपणा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात प्रेषित पौल विश्वासी लोकांना कोर्टबाजीवरून खडसावतो, पण तेथे तो रोजच्या व्यवहारातील बाबींविषयी बोलत आहे, आणि रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात तोच पौल वाईट करणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. ६वा अध्याय दाखवून कोणी पीडिताला गप्प बसवू पाहत असेल तर त्याचे ऐकू नये.

आता एकट्याने जाण्याविषयी. सारे काही येथेच अडते, आणि मी स्वतः येथेच तोंडावर आपटलो आहे. मंडळीचे हिशेब माझ्याकडे असताना एका बंधूने भर सभेत पावत्या जुळत नसल्याचे म्हटले. मी त्याच्याकडे गेलो नाही. दोघा मित्रांना फोन करून "फक्त प्रार्थनेसाठी सांगतो" म्हणत सगळी हकीकत ऐकवली. आठवड्याने त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा माझी तक्रार त्याच्यापर्यंत तिखटमीठ लागून आधीच पोचली होती, आणि पावत्या बाजूला राहून मी त्याला काय काय म्हणालो यावरच दोन तास गेले. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की ज्या प्रार्थनाविनंतीत दुसऱ्याचे नाव आणि त्याचा दोष येतो, ती चहाडी समजावी. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, आधी सांगितलेले चालते, हा सल्लाही मला पटत नाही. कसे बोलावे हे विचारायचे असेल तर नाव न घेता विचारता येते.

दुसऱ्यांदा मी दुसरी चूक केली: वचनांची यादी घेऊन गेलो. समोरच्याने बायबल उघडले नाही, फक्त हाताची घडी घातली. आता मी एकच प्रसंग निवडतो आणि "त्या दिवशी तुम्ही असे म्हणालात, मला त्याचा अर्थ असा लागला, तो बरोबर आहे का?" एवढे विचारून गप्प बसतो. हे गप्प बसणे फार जड जाते, पण निम्म्या वेळा मला लागलेला अर्थच चुकीचा निघाला आहे. नीतिसूत्रे १८:१७ मध्ये म्हटले आहे की पहिल्याने बाजू मांडणारा खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. आपल्या मनात पहिला बोलणारा नेहमी आपणच असतो. आणि लेखी निरोप पाठवू नये. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि तो पुढे धाडायला वेळ लागत नाही.

क्षमा मागताना "तुम्हाला वाईट वाटले असेल तर" हे शब्द गाळावेत. काय केले ते नाव घेऊन सांगावे. पैशाचा प्रश्न असेल तर रक्कम आणि तारीख कागदावर लिहावी. बायबलमधल्या जक्कया नावाच्या जकातदारानेसुद्धा, ज्यांना फसवले त्यांना चौपट परत देईन असा आकडा सांगितला होता.

साक्षीदार नेताना आपले समर्थक नेऊ नयेत. समोरच्यालाही मान्य असलेला निदान एक जण हवा. 'दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून' हा नियम मुळात बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातील १९:१५ मधला आहे, आणि तेथे तो आरोप झालेल्या माणसाच्या संरक्षणासाठी आहे. मंडळीपुढे जाण्याची वेळ क्वचितच येते. आली तर मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे नेमलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या, बैठकीतून जावे, व्हॉट्सॲपच्या गटातून नव्हे. शेवटी त्याने मंडळीचेही ऐकले नाही आणि मत्तयातल्या त्याच वचनाप्रमाणे त्याला जकातदारासारखे, म्हणजे बाहेरच्यासारखे, मानण्याची पाळी आलीच, तर येशू जकातदारांच्या पंक्तीला बसत असे हे लक्षात ठेवावे.

काही वाद मिटूनही वाटा वेगळ्या होतात, आणि त्यात कमीपणा नाही. मार्क या सोबत्याला प्रवासात बरोबर न्यावे की नाही यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचे इतके बिनसले की ते दोन दिशांना गेले. पुढे आपला शिष्य तीमथ्य याला लिहिताना पौलाने त्याच मार्काला, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून, बोलावून घेतले.

समेट झाल्यावर एक काम हमखास विसरले जाते. ज्यांच्याकडे आपण तक्रार केली होती, त्या प्रत्येकाला भेटून वाद मिटल्याचे आणि आपले काय चुकले तेही सांगावे. पावत्यांच्या प्रकरणात मी दोघांनाच फोन केला होता. गोष्ट कुठवर गेली ते विचारत निघालो तेव्हा अकरा घरी जावे लागले.