अंगणात टर्फ टाकायच्या आधी पाण्याची वाट बघून घ्या

कोकणात घर झालं, गडगा म्हणजे आवाराची दगडी भिंत झाली की आता पुढचा हट्ट आर्टिफिशियल टर्फचा, म्हणजे प्लास्टिकच्या हिरवळीचा असतो, त्यात घरी लहान पोरं असली नाहीतर होमस्टे असला तर विचारूच नका. मुंबईत कुणाच्या तरी बाल्कनीत बघितलेलं असतं आणि तस्संच इथे हवं असतं, पण बाल्कनीला वर छप्पर आहे हो, आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आम्ही पहिल्यांदा मे महिन्यात टाकलं, अंगण वाळून टणक झालेलं, दिसायला एकदम झकास, आणि जुलैत पाय ठेवला की खालून पचकन चिखलाचं पाणी वर, कोपरा उचलला तर खाली काळं पडलेलं वास मारणारं पाणी आणि गांडुळं. सगळं उचलावं लागलं. म्हणून ही यादी मनापासून लिहितोय.

पहिलं काम टर्फचे भाव विचारायचं नाही, एक अख्खा पावसाळा अंगण बघायचं. जोराची सर येऊन गेली की अर्ध्या तासाने बाहेर या, पाणी कुठे तुंबलंय, कुठून येतंय, शेजारच्या वरच्या आवारातून गडग्याखालून येतंय का, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि हे फार महत्त्वाचं, विहिरीत डोकावा. मे महिन्यात खड्डा खणून पाणी ओतलं तर ते घटाघट जिरतं आणि माणूस फसतो, पण श्रावणात विहिरीचं पाणी हाताला लागण्याइतकं वर आलेलं असेल तर पाणी जमिनीत जिरवायला खणलेला तुमचा शोषखड्डापण तेवढाच भरलेला असणार, त्यात आणखी पाणी जाणार कुठे? समुद्राजवळच्या पुळणीच्या जमिनीत हेच होतं, वाळू असल्यामुळे वाटतं काही काळजी नाही, पण खालचं पाणीच वर चढलेलं असतं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, याच्या उलट, वर वीतभर माती आणि खाली कातळ, पाणी खाली जायला वाटच नाही, ते आडवंच पळणार. दोन्हीकडे उपाय एकच, पाणी जिरवायच्या भानगडीत न पडता त्याला वाहून न्यायचं.

आता हिशोब करा, कागदावर करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस बाय तीस फुटांचं अंगण साधारण 55 चौरस मीटर, दिवसभरात 100 मिलिमीटर पडला, जो आपल्याकडे काही नवलाचा नाही, तर साडेपाच हजार लिटर झालं, आणि यात छपराचं पाणी धरलेलंच नाही. पागोळ्या थेट टर्फवर पडत असतील तर आधी पन्हळ लावा आणि तिचं पाणी वेगळ्या पाइपने बाहेर काढा, नाहीतर निदान पागोळीच्या रेघेखाली दीड फुटाचा नुसता खडीचा पट्टा सोडा. तुळशीभोवती पण जागा सोडा, रोज पाणी घालतो आपण तिथे.

उताराला गवंड्याला सांगताना "थोडा स्लोप दे" असं सांगू नका. शंभर फुटाला एक फूट, म्हणजे तीस फुटात साडेतीन इंच, आणि तो घरापासून लांब जाणारा, लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून स्वतः उभं राहून बघा. सखल कडेला चर खणून भोकं पाडलेला चार इंची पाइप टाका, भोकं खाली, भोवती खडी आणि खडीभोवती जिओटेक्सटाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर दोन पावसाळ्यांत लाल मातीने पाइप बुजतो. टर्फखाली प्लास्टिक अंथरू नका, आमचा घात त्यानेच केला. चिऱ्याचा भुगा भराव म्हणून नको, भिजला की त्याचा गाळ होतो, काळ्या दगडाची खडी निदान चार इंच दाबून आणि वर पातळ थर बारीक ग्रिटचा. पुळणीवरची वाळू आणायचा मोह होईल, पण ती खारी असते आणि तिचा उपसा करायला किनाऱ्यावर बंदी आहे.

पाइपचं तोंड कुठे सोडताय? शेजाऱ्याच्या वाडीत नक्कीच नाही. वहाळात किंवा खाडीकडे जाणाऱ्या गटारात सोडणार असाल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या वेळी तिथे जाऊन पाणी कुठवर चढतं ते बघा, तोंड त्याच्या वर हवं, ते जमतच नसेल तर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, कारण भरती आणि मुसळधार एका वेळी आली की पाणी उलटं अंगणात शिरतं. आणि पाइपच्या आधी एक चेंबर, वर जाळी, हाताने उचलता येईल अशी, कारण माडाचा कचरा त्यातच अडकणार.

खणायचं काम दिवाळीनंतर काढा. खडी दाबून झाली की लगेच टर्फ नको, आधी दोनशे लिटरची पाच पिंपं पाणी एकापाठोपाठ ओता आणि जिथे जिथे डबकं राहील तिथे कडेने रांगोळीची रेघ मारा, गवंडी समोर असतानाच, म्हणजे तेवढा भाग तिथल्या तिथे उचलून घेता येतो. खिळे स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे खाऱ्या हवेत गंजतात आणि टर्फ कडेने सुटतं.

आणि टाकणाऱ्याला सांगून सखल बाजूचा एक कोपरा पहिल्या पावसाळ्यापुरता चिकटवू नका, नुसता दगड ठेवून दाबा. मृगाचे पहिले चार पाऊस झाले की तो उचलून खाली हात घालून बघा, खडी ओली पण पाणी साचलेलं नाही असं लागलं की मग चिकटवा.