संशोधक डॉक्टरांचे शोधनिबंध कसे वाचावेत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मेंदूचा किंवा मनाचा आजार असलेला रुग्ण मुंबईला दाखवायला न्यायचे ठरले की घरातल्या शिकलेल्या मुलावर एक काम हमखास येऊन पडते: ‘ते डॉक्टर मोठे संशोधक आहेत म्हणतात, जरा बघ.’ मुलगा नाव टाकतो, शोधनिबंधांची लांबलचक यादी येते आणि निबंधांचा आकडा सांगून तो मोकळा होतो. आकड्यावरून फारसे कळत नाही. त्या माणसाने कोणता प्रश्न धरून ठेवला आणि कोणते रुग्ण तपासून उत्तर शोधले, हे पाहावे लागते.

सुरुवात पबमेड या अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या मोफत सूचीपासून करावी. तेथे आधी आडनाव आणि मग आद्याक्षरे टाकतात. आपल्याकडच्या सावंत, परब, जोशी अशा आडनावांत एकाच आद्याक्षरांची अनेक माणसे निघतात, म्हणून निबंधाखाली दिलेली संस्था आणि शहर जुळते का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. संशोधकाचा ऑर्किड (ORCID) क्रमांक मिळाला तर हा घोळ टळतो. तो सोळा अंकी असतो आणि एकाच व्यक्तीचा असतो.

सरावासाठी मी नेहमी डॉ. नोशिर वाडिया यांचे नाव सुचवतो. मुंबईतील जे. जे. आणि पुढे जसलोक रुग्णालयात काम केलेल्या या मज्जाविकारतज्ज्ञांनी १९७१ साली स्वामी या सहकाऱ्यासह ‘ब्रेन’ या नियतकालिकात आनुवंशिक मज्जाविकार असलेल्या नऊ कुटुंबांवर निबंध लिहिला. चालताना तोल जाणे हे लक्षण अशा आजारांत ठाऊक होतेच, पण या कुटुंबांतील रुग्णांच्या डोळ्यांची हालचालही मंद होती. निरोगी माणसाला डोके स्थिर ठेवून एका बोटावरून दुसऱ्या बोटाकडे पाहायला सांगितले तर नजर क्षणात उडी मारते. या रुग्णांची नजर सावकाश सरकत जाते. कोणतेही यंत्र न वापरता, समोर बसून दिसणारी ही खूण त्यांनी आनुवंशिक आजाराचा वेगळा प्रकार ओळखण्यासाठी वापरली. याच आजाराला आज एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) म्हणतात आणि त्याचे जनुक १९९६ साली सापडले. निबंधाच्याच वर्षी, १९७१ मध्ये, मुंबईत डोळे येण्याची साथ पसरली असता डोळे आलेल्या काही रुग्णांना नंतर पोलिओसारखा लुळेपणा आल्याचेही वाडिया आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. दोन्ही कामे शेजारी ठेवून वाचली की रुग्णाकडे बारकाईने पाहण्याची एक सवय दिसते, आणि यादीतून शोधायची असते ती अशी सवय. जुन्या निबंधांचा सारांश पबमेडवर बहुधा नसतो, नुसते शीर्षक असते. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

निबंध हाती आल्यावर सारांशाने भारून न जाता ‘पद्धती’ हा भाग आधी वाचावा. रुग्ण किती होते, ते कसे निवडले, तुलनेसाठी दुसरा गट होता का, किती काळ पाठपुरावा केला, एवढे चार प्रश्न पुरतात. एका रुग्णाची हकिकत शिकवण्यासाठी मोलाची असते, पण तिच्यावरून औषध सर्वांना लागू पडते असे म्हणता येत नाही. औषधाची चाचणी असेल तर ती औषध-चाचण्यांच्या भारतीय नोंदणीत (सीटीआरआय) आहे का ते पाहावे. ही नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि चाचणी सुरू होण्याआधीच नोंद होणे अपेक्षित असते. लेखकांत पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते.

मानसोपचाराच्या निबंधांत आणखी एक खोच असते. तेथे रक्ताच्या चाचणीऐवजी प्रश्नावलीचे गुण मोजले जातात. नैराश्यासाठी १९६० साली मॅक्स हॅमिल्टन यांनी मांडलेली श्रेणी अजूनही वापरात आहे. म्हणून प्रश्नावली रुग्णाच्या भाषेत तपासून घेतली होती का, हे पाहणे अगत्याचे आहे. आपल्याकडची बाई ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणते. ती ‘डोकं जड झालंय’ म्हणते, मालवणीत ‘जीव थाऱ्यार नाय’ म्हणते. हे ऐकून घेण्याची सोय ज्या अभ्यासात नाही, त्याचे आकडे मला तरी अपुरे वाटतात.

भेटीला जाताना निबंधाच्या छापील प्रती नेऊन डॉक्टरांपुढे ठेवू नयेत. त्याने बोलणे अवघडते. त्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून चार पिढ्यांचा कागद तयार करावा. कोणाचा तोल जात असे, कोणाला फिट येई, कोण वर्षानुवर्षे बोलेनासा झाला, आणि कितव्या वर्षापासून, हे त्यावर लिहावे. तसे करताना माहेरची बाजू वगळू नये, कारण एससीए-२ सारखा आजार आईकडूनही तितकाच येतो आणि आपल्याकडे नेमकी तीच माणसे कागदावर यायची राहून जातात.