साक्स-आयझेनबेर्गची वाटणी कशी वाचावी

देवगडात जमिनीच्या नोंदी बघण्यात माझी नोकरी गेली. आता वाचनालयात पोरं युरोपचा इतिहास घेऊन बसतात आणि सतराव्या शतकातल्या जर्मनीपाशी येऊन अडकतात. साक्स-अमुक, साक्स-तमुक, संपतच नाहीत. त्यांना मी सांगतो, नकाशा मिटा, आधी वंशावळ काढा. ज्याच्या घरची कलमं तीन पिढ्या सामाईक आहेत त्याला हे जड जाऊ नये.

सुरुवातीला एका माणसाबरोबर उगवलेलं आणि त्याच्याबरोबरच मावळलेलं संस्थान घ्या. साक्स-आयझेनबेर्ग, १६८० ते १७०७.

मूळ पुरुष गोथाचा ड्यूक एर्न्स्ट, लोक त्याला ‘धर्मनिष्ठ’ म्हणत. तो १६७५ मध्ये वारला. मुलं अठरा, त्यांतले सात मुलगे मागे राहिले. सगळं थोरल्याकडेच जावं असा नियम तेव्हा या घराण्यात नव्हता. काही वर्षं एकत्र कारभार चालला, मग १६८० मध्ये वाटणी झाली: गोथा-आल्टेनबुर्ग, कोबुर्ग, माइनिंगेन, र्‍योमहिल्ड, आयझेनबेर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, साल्फेल्ड. सातही नावं कागदावर उभी लिहा. पुढे हिस्सा, मृत्यूचं साल आणि ‘मुलगा आहे/नाही’ असे रकाने पाडा. शेवटचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊ नका, सगळी भांडणं तिथूनच निघतात.

मग ‘इतर हक्क’ बघा. पुस्तकात ‘ड्यूक’ दिसला की पोरं त्याला पुरा राजा समजतात. आयझेनबेर्गच्या क्रिस्टियानला पदवी, उत्पन्न, राजवाडा सगळं मिळालं, पण धाकट्या चौघांच्या मुलखावरचे सार्वभौम हक्क थोरल्या फ्रीडरिशनं गोथाकडे राखून ठेवले होते. क्रिस्टियान त्या चौघांतला. नाव याचं, लगाम दादाच्या हातात. हे कळलं की अर्धं संस्थान कळलं.

गावं चारच लिहायची आहेत: आयझेनबेर्ग, रोनेबुर्ग, रोडा, काम्बुर्ग. आजच्या नकाशात रोडा ‘श्टाटरोडा’ म्हणून शोधा.

आता खर्च. एवढ्याशा उत्पन्नावर या गृहस्थानं क्रिस्टियान्सबुर्ग नावाचा राजवाडा उठवला, त्याला लागून नक्षीदार चर्च बांधलं, आणि वर किमयेचा नाद लावून घेतला. हलक्या धातूचं सोनं करायचं होतं त्याला! झालं ते कर्ज. चर्च मात्र आजही बघण्यासारखं आहे, म्हणून मी त्याला फार बोल लावत नाही.

तारखा जुळवताना एक सांभाळा. प्रॉटेस्टंट जर्मन संस्थानांनी नवं कॅलेंडर १७०० मध्ये घेतलं. त्याआधीच्या शतकात जुनी तारीख दहा दिवस मागे असते. एकाच घटनेच्या दोन तारखा सापडल्या तर ती एकच नोंद धरा.

क्रिस्टियान एप्रिल १७०७ मध्ये गेला. मागे एकच मुलगी, ग्लुक्सबुर्गच्या घरात दिलेली. हे सांगितलं की आमच्या वाचनालयात हमखास कुणीतरी विचारतं, “झील नाय, तर इस्टेट गेली कोणाक?” बरोबर प्रश्न आहे, पण एकट्या आयझेनबेर्गवर त्याचं उत्तर मिळत नाही. कोबुर्गचा आल्ब्रेश्ट १६९९ मध्ये आणि र्‍योमहिल्डचा हाइनरिश १७१० मध्ये, दोघेही मुलगा नसताना वारले. तीन हिस्से मोकळे आणि उरलेल्या भावांची घराणी दावे घेऊन उभी. प्रकरण सम्राटापर्यंत गेलं आणि १७३५ पर्यंत रेंगाळलं. तेव्हा तिन्ही फेरफार एकाच पानावर लिहा.

आयझेनबेर्ग गोथा-आल्टेनबुर्गकडे राहिलं. कोबुर्ग साल्फेल्डला मिळालं, आणि साक्स-कोबुर्ग-साल्फेल्ड हे पुढचं जोडनाव तिथून आलं. हे जमलं की मगच र्‍योमहिल्डला हात घाला. तिथे दोन तृतीयांश माइनिंगेनला आणि एक तृतीयांश साल्फेल्डला आहे, म्हणजे पोटहिस्से पाडावे लागतील. त्यासाठी कागद मोठा घ्या.