नवरा-बायकोतला ताण: आधी घड्याळ बघा

राहायला कासारवडवली, नोकरी फोर्टात. घोडबंदर रोडवर बस रखडते, ठाणे स्टेशनात लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रात्री साडेआठला दार उघडतं आणि आतून प्रश्न येतो, "गॅसचा नंबर लावलास का?" झालं, ठिणगी पडली. अशा घरांतला बराचसा ताण चपलांबरोबर बाहेरून आत आलेला असतो. तो वेगळा काढता आला की नात्यातलं खरं दुखणं किती, ते कळतं.

आठवडाभर नुसती नोंद करा. फोनमध्ये वार, वेळ आणि विषय लिहा. कोण चुकलं, ते लिहायचं नाही. बहुतेकांना विषय बदललेले आणि वेळा मात्र त्याच दिसतात: घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास, हप्ता कापला जायची तारीख, रविवारची दुपार.

तो अर्धा तास मोकळा ठेवा. हातपाय धुणं, चहा, बस्स. बिलं, शाळेचा ग्रुप, नातेवाईक हे विषय जेवणानंतर. मात्र ही सवलत एकट्या नवऱ्याची मिरास नव्हे. आधी येऊन कुकर लावणारीही दिवसभर राबलेलीच असते. आज त्याने टेकावं, तिने मुलांचा अभ्यास बघावा, उद्या उलट.

तरीही भांडण पेटलं तर थांबा, पण परतायची वेळ सांगून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक दशकं जोडप्यांचा अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं की वाद तापला आणि नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. तेव्हा "मी खाली चक्कर मारून येतो, साडेनऊला बोलू" असं म्हणा आणि साडेनऊला खरंच बोला. वेळ न सांगता निघून जाणं हा अबोलाच, आणि आपल्याकडे तो चार-चार दिवस चालतो. त्या 20 मिनिटांत मनात उत्तरं जुळवायची नाहीत. आईला फोन तर मुळीच नाही.

परत बोलताना सुरुवात "तू कधीच..." अशी नको. "शनिवारी दुपारी मला दोन तास झोप हवी आहे" हे मागणं पुरं करता येतं. "तुला माझी किंमतच नाही" याचं समोरच्याने करायचं काय?

गॉटमन यांच्याच अभ्यासात जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कायमचे मिटत नाहीत, असं दिसलं. मला हा आकडा दिलासा देणारा वाटतो. तिला घरात माणसं हवीत, त्याला शांतता. हे पंचवीस वर्षांनीही तसंच राहील. महिन्यात किती रविवार पाहुण्यांचे, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

बोलायला घराबाहेर पडा. वन बीएचकेत हॉलमध्ये सासू-सासरे, आत मुलं. खासगी बोलणार कुठे? ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवन तलावाला फेरी मारा, नवी मुंबईत असाल तर वाशीच्या मिनी सीशोअरला. शेजारी चालताना नजरेला नजर भिडत नाही, आणि चारचौघांत आवाजही खाली राहतो.

पैशाचं बोलणं महिन्यातून एकदा, सकाळी, कागद घेऊन. आणि आपल्या आई-वडिलांना काही सांगायचं असेल तर ते ज्याने त्याने स्वतः सांगावं. सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडून नको.

एवढं करूनही झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर मदत घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात 1990 पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जा. एकाची वागण्याची पद्धत बदलली तरी भांडणाचा रोख बदलू शकतो.

मारहाण, धमक्या किंवा पैसे अडवून ठेवणं चालू असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिथे चहा आणि चक्कर उपयोगाची नाही. तातडीला 112, महिलांसाठी 181. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि फ्लॅट कोणाच्याही नावावर असला तरी बायकोला त्या राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे.