डेबियन पॅकेज करताना डॉक्युमेंटेशनच्या या चुका टाळा

माझ्या लॅपटॉपवर पॅकेज नीट बसायचं, पण डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या स्लिम (अनावश्यक फाईली गाळलेल्या) कंटेनरमध्ये इन्स्टॉल अर्ध्यावर मोडायचं. पॅकेज बसवताना आपोआप चालणारी पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट कॉन्फिगचा नमुना /यूएसआर/शेअर/डॉक या डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमधून उचलून सेटिंगच्या /ईटीसी मध्ये ठेवत होती, आणि तो नमुना तिथे नव्हताच. गोंधळ वाढला तो पॅकेजमधल्या फाईलींची यादी दाखवणाऱ्या 'डीपीकेजी -एल' (एल मोठ्या लिपीतला) या आज्ञेमुळे. फाईल डिस्कवर नसली तरी पॅकेजच्या यादीत ती दिसत होती! हा कंटेनर ज्या स्लिम इमेजपासून बनतो, तिच्यात ठरावीक मार्गांवरच्या फाईली वगळणारं पाथ-एक्स्क्लूड सेटिंग असतं. डीपीकेजी पॅकेज उलगडतानाच डॉक्स गाळतो, कॉपीराइट फाईल तेवढी ठेवतो.

चूक इमेजची नव्हती, माझी होती. डेबियन पॉलिसी ही पॅकेजिंगची नियमावली स्पष्ट सांगते की /यूएसआर/शेअर/डॉक मधली एकही फाईल नसली तरी प्रोग्राम चालला पाहिजे. प्रोग्राम किंवा स्क्रिप्ट जी फाईल वाचते ती /यूएसआर/शेअर मध्ये पॅकेजच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. लोकांनाही ती वाचायची असेल, तर डॉकमधून तिच्याकडे सिमलिंक (खऱ्या फाईलकडे नेणारा दुवा) द्या. उलटी लिंक नको, म्हणजे खरी फाईल डॉकमध्ये आणि लिंक बाहेर, असं करू नका.

याच चुकीचं दुसरं रूप पकडायला आणखी अवघड. पॅकेज बनवताना चालणारा डीएच_कॉम्प्रेस डॉकमधल्या ४ केबीपेक्षा मोठ्या फाईली जीझिप करतो, म्हणजे दाबून लहान करतो. एचटीएमएल, चित्रं आणि कॉपीराइट यांना सूट आहे. समजा, नमुना फाईल आज ३ केबीची आहे. पुढच्या आवृत्तीत मूळ लेखकांनी चार टिपा वाढवल्या, ती ४ केबीच्या वर गेली, नावापुढे जीझेड लागलं आणि स्क्रिप्ट पडली. तुम्ही तर एक ओळही बदललेली नसते.

आता बिल्डकडे. मॅन्युअल मोठं असेल तर वेगळं '-डॉक' पॅकेज करा, आर्किटेक्चर 'ऑल' (सगळ्या प्रकारच्या मशीनना एकच पॅकेज) ठेवा. मुख्य पॅकेजमधून त्याला डिपेंड्स (सक्तीची गरज) लावू नका, सजेस्ट्स (नुसती सूचना) पुरतं. रेकमेंड्स (शिफारस) लावलंत तर पॅकेजं आणून बसवणारं एपीटी ते आपणहून ओढून आणतं. स्फिंक्स, डॉक्सिजन ही डॉक्स बनवणारी अवजारं बिल्ड-डिपेंड्स-इंडेपमध्ये, म्हणजे फक्त 'ऑल' पॅकेजांच्या बिल्डला लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत, हलवा. इथे बरेच जण अर्धंच काम करतात: अवजार हलवतात, पण बिल्डच्या पायऱ्या सांगणाऱ्या रूल्स फाईलमधली डॉक्स बनवण्याची आज्ञा सर्वसाधारण बिल्डमध्येच राहते. मग फक्त आर्किटेक्चरपुरतं बिल्ड करणाऱ्या मशीनवर स्फिंक्स सापडत नाही आणि बिल्ड कोसळतं. ती आज्ञा ओव्हरराइड_डीएच_ऑटो_बिल्ड-इंडेपमध्ये न्या.

'नोडॉक' प्रोफाईलही, म्हणजे डॉक्सशिवायचं बिल्डही, चालवून पाहा. फाईली पॅकेजमध्ये ठेवणाऱ्या डीएच_इन्स्टॉलच्या यादीत बनलेल्या डॉक्सचा मार्ग लिहिला असेल, तर डॉक्स न बनल्यावर 'फाईल सापडत नाही' म्हणून तो थांबतो. पॅकेजांची माहिती असलेल्या कंट्रोल फाईलमध्ये डॉक पॅकेजला आणि त्या अवजारांना 'नोडॉक नसेल तरच' अशी अट लावली की हे सुटतं.

आरपीएम (फेडोरासारख्या लिनक्सची पॅकेज-पद्धत) वापरणाऱ्यांचंही दुखणं हेच. 'डॉक' खूण असलेल्या फाईली नोडॉक्स पर्यायाने बसतच नाहीत. म्हणून प्रोग्रामला लागणाऱ्या फाईलवर ती खूण नको.

आता अपलोडआधी मी बिल्ड तीनदा करतो: 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' या बिल्डच्या आज्ञेला एकदा -बी (फक्त आर्किटेक्चरपुरतं), एकदा -ए (फक्त 'ऑल' पॅकेजं), आणि एकदा नोडॉक लावून. -बी आणि -ए मोठ्या लिपीतले. मग ते पॅकेज स्लिम कंटेनरमध्ये बसवून प्रोग्राम एकदा खरोखर चालवतो.