नेपल्स पायी फिरताय? मग या चुका टाळा

रोमहून फास्ट ट्रेनने सव्वा तासात नेपल्सला पोचता येतं, आणि गडबड नेमकी तिथेच होते. लोक ठरवतात की सकाळी जाऊ, पिझ्झा खाऊ, पॉम्पेई (व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं शहर) बघू, रात्री परत. मग पॉम्पेईतच दिवस जातो, नेपल्सचं म्हणाल तर फक्त स्टेशनसमोरचा पियाझ्झा गारिबाल्दी चौक बघून होतो, तिथला ट्रॅफिक, कचरा, फुटपाथवर मांडलेलं सामान, आणि घरी येऊन "काही खास नाही हो" असं सगळ्यांना सांगत सुटतात. स्टेशनच्या आजूबाजूचं बघून कुठल्याच शहराची किंमत करू नये, या शहराची तर नाहीच. निदान दोन रात्री ठेवा. इटलीतल्या मोठ्या शहरांत पायी आणि कमी पैशात फिरायला माझ्या मते हेच सगळ्यात भारी, फक्त इथे नुसता नकाशा बघून चालत नाही, घड्याळ आणि चढ बघावा लागतो.

अंतर बघितलं, चढ बघितलाच नाही

मोबाईलवर व्होमेरो भाग जुन्या शहराच्या अगदी शेजारी दिसतो, दीड-दोन किलोमीटर, मग काय चालतच जाऊ. पण व्होमेरो टेकडीवर आहे आणि ते अंतर म्हणजे बऱ्यापैकी जिनेच आहेत. जून-जुलैच्या दुपारी हे करायला गेलात तर पुढचा अख्खा दिवस हॉटेलात पाय वर करून काढावा लागेल. सोपा उपाय म्हणजे वर जाताना फ्युनिक्युलर (चढावर केबलने ओढली जाणारी छोटी रेल्वे) घ्या, उतरताना चाला. व्हिया तोलेदो रस्त्याला लागून फ्युनिकोलारे चेंत्रालेचं खालचं स्टेशन आहे, १९२८ पासून चालू आहे, आणि तिकीट साध्या बस-मेट्रोसारखंच, टुरिस्ट भाव वगैरे काही नाही.

वर सान मार्तिनोच्या मठासमोर एक मोकळी जागा आहे, तिथून व्हेसुव्हियस, बंदर आणि खाली पसरलेलं जुनं शहर फुकटात दिसतं. नीट बघा, त्या दाटीतून एक सरळ चीर गेलेली दिसेल, तोच तो स्पाक्कानापोली रस्ता, ग्रीक लोकांनी वसवलेल्या शहराच्या आखणीतला, अजून वापरात असलेला. मग तिथूनच पेदामेंतिना नावाचा जुना जिना खाली उतरतो, ४१४ पायऱ्या, मधे कुणाची परसबाग, कुणाचे वाळत घातलेले कपडे. गुडघे कुरकुरणारे असतील तर हा नाद सोडा, फ्युनिक्युलरनेच खाली या. आणि पाऊस पडून गेला असेल तर गुळगुळीत तळव्याचे बूट अजिबात नकोत, इथल्या गल्ल्यांत काळ्या ज्वालामुखीच्या दगडाची फरशी आहे, ओली झाली की साबणासारखी होते. याच फरशीवरून चाकांची मोठी बॅग ओढत हॉटेल शोधायचं म्हणजे शिक्षा आहे, रूम मिळायला वेळ असेल तर बॅग स्टेशनवरच्या लगेज रूममधे ठेवून मोकळे व्हा.

मंगळवारी आलात आणि सगळं बंद

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात. पुरातत्त्व संग्रहालय, जिथे पॉम्पेईतली मोझेक आहेत, ते मंगळवारी बंद. काप्पेल्ला सानसेव्हेरो हे छोटं चॅपेल, जिथे झुझेप्पे सानमार्तिनोने १७५३ मधे घडवलेला "झाकलेला ख्रिस्त" हा संगमरवरी पुतळा आहे, तेही मंगळवारी बंद. कापोदिमोन्ते म्युझियम बुधवारी. म्हणजे मंगळ-बुध असा दोन दिवसांचा प्लॅन असेल तर आधी तो फिरवा. सानसेव्हेरोचं तिकीट आधी ऑनलाइन काढाच, बरेच दिवस आधी संपतं, दारात जाऊन "दोन माणसं आहोत, बघा ना जरा" वगैरे चालत नाही. आत फोटोही काढू देत नाहीत, पण संगमरवराचा तो ओला-पातळ कपडा चेहऱ्याला चिकटलेला बघताना फोटोचं सुचणारही नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियमं फुकट असतात, पॉम्पेईसुद्धा. पैसे वाचतात पण गर्दी तुफान असते, त्यामुळे मी म्हणेन म्युझियम त्या दिवशी सकाळी उघडतानाच गाठा, पॉम्पेई मात्र तिकीट काढून दुसऱ्या दिवशी बघा. सानसेव्हेरो खाजगी आहे, त्याला हे लागू नाही.

चर्चचं वेगळंच. बरीचशी चर्चेस दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला बंद होतात ते थेट चार-साडेचारला उघडतात, आणि लोक नेमके जेवून दोनला निघतात आणि बंद दारांचे फोटो काढत फिरतात. जेझू नुओव्हो चर्च (बाहेरून सगळी भिंत हिऱ्यासारख्या टोकदार दगडांची, आत गेल्यावर एकदम सोनेरी दिवाळी) आणि दुओमो म्हणजे शहराचं कॅथेड्रल सकाळी करून टाका, प्रवेश फुकट. दुपारसाठी सांता कियारा मठाचं रंगीत टाइल्सच्या खांबांचं आवार ठेवा, त्याला तिकीट आहे पण ते दुपारी उघडं असतं. नाहीतर तोलेदोचं मेट्रो स्टेशन, एका मेट्रो तिकिटात निळ्या मोझेकची गुहा बघायला मिळते आणि वर उन्हातून सुटका. चर्चमधे खांदे-गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी जवळ असली की काम भागतं.

बसलात की बिल वाढलं

कॉफी काउंटरला उभं राहून प्यायची. टेबलावर बसलात तर तीच कॉफी बऱ्याच ठिकाणी दुप्पट-तिप्पट पडते, आणि हे लपवलेलं नसतं, दरपत्रकावर दोन रकाने असतात, आपणच बघत नाही. गर्दीच्या बारमधे (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) आधी कॅशियरकडे पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवायची. थेट काउंटरला जाऊन हात हलवत बसलात तर तिथला माणूस आरामात दुर्लक्ष करेल, तो उद्धट नाही, तो पावतीची वाट बघतोय. कॉफीबरोबर पाण्याचा छोटा ग्लास मिळतो, तो कॉफीच्या आधी प्यायचा.

पिझ्झेरियात बिलावर माणशी "कोपेर्तो" लागतो, ती फसवणूक नाही, टेबलावर बसण्याचे पैसे आहेत. फेमस दुकानांबाहेर नुसतं गर्दीत उभं राहू नका, आत जाऊन नंबर घ्या किंवा नाव सांगून या, नाहीतर तासभर थांबूनही नंबर लागणार नाही. आणि पिझ्झा मधे ओलसर, जवळजवळ सुपासारखा दिसला म्हणून परत पाठवू नका. भट्टी साडेचारशे डिग्रीच्या आसपास असते, मिनिट-दीड मिनिटात पिझ्झा बाहेर येतो, कडा फुगलेल्या आणि काळे डाग पडलेल्या, मधला भाग मऊ, तो तसाच असतो. चिली फ्लेक्सची पाकिटं मागू नका, तुमच्या आवडीची असतील तर घरून न्या आणि गुपचूप वापरा.

बजेटवाल्यांसाठी खरा माल म्हणजे "आ पोर्ताफोल्यो", चार घड्या घालून कागदात दिलेला छोटा पिझ्झा, दोन-तीन युरोत रस्त्यावर उभ्या उभ्या जेवण. पहिला घास घाईत घेऊ नका, आतला टोमॅटो उकळता असतो आणि तो मागच्या घडीतून सरळ शर्टावर उतरतो, म्हणून कागद खालून घट्ट धरायचा आणि कंबरेत वाकून खायचं, बाजूचे लोक बघा कसे वाकलेत.

शाकाहारी मंडळींनी हे जरा नीट वाचा, कारण "मांस नको" एवढं सांगून इथे भागत नाही. डुकराची चरबी मांसात धरतच नाहीत. दुकानादुकानात दिसणारे मिरी-बदामाचे खमंग ताराल्ली (कडक खारी कडी) चरबीत मळलेले असतात. कासातिएल्लो ब्रेडमधे चरबी. शेकडो पापुद्र्यांची ती सुंदर पेस्ट्री स्फोल्यातेल्ला रिच्चा, पारंपरिक कृतीत तिचे पापुद्रे चरबी लावूनच सुटतात. तळलेल्या पिझ्झाच्या पोटात रिकोत्ताबरोबर बहुतेक वेळा चिकोली, म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे, असतात. पावट्या-राजम्याचा पास्ता निरागस दिसतो पण त्यात पांचेत्ता (डुकराचं खारवलेलं मांस) निघू शकतो. म्हणून विचारायचं असं, "चे लो स्त्रुत्तो?", म्हणजे चरबी आहे का. निर्धास्त खायचं तर मारिनारा पिझ्झा, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, बास, चीजसुद्धा नाही त्यामुळे चीजमधल्या रेनेटची (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) चिंता पण मिटली, आणि मेनूवर बहुतेक तोच सगळ्यात स्वस्त असतो. फ्रियारिएल्ली ही किंचित कडवट पालेभाजी सॉसेजशिवाय मागा, भाकरी आठवेल. बाबा केकात चरबी नसते पण तो रममधे भिजलेला असतो, मुलांना देताना लक्षात ठेवा.

तिकीट होतं तरी दंड

मेट्रोची लाइन १ शहराच्या कंपनीची, लाइन २ त्रेनितालिया या रेल्वे कंपनीची, पॉम्पेईला जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना लोकल तिसऱ्याच कंपनीची. एकाच कंपनीचं तिकीट दुसऱ्या गाडीत चालत नाही, सगळीकडे चालणारं वेगळं मिळतं, घेताना स्पष्ट विचारा. कागदी तिकिटावर मशीनमधे शिक्का मारून घ्यायला विसरलात तर चेकरपुढे "आम्हाला माहीत नव्हतं" चालत नाही. पॉम्पेईसाठी सोरेन्तोची गाडी पकडून "पोम्पेई स्कावी – व्हिल्ला देई मिस्तेरी" ला उतरायचं, नुसतं पोम्पेई नावाचं स्टेशन दुसऱ्या फाट्यावर आहे आणि ते अवशेषांच्या मुख्य दारापासून लांब पडतं. या गाडीत सॅक पाठीवर नाही, पोटावर.

घाबरून चांगल्या गल्ल्या सोडल्या

क्वार्तिएरी स्पान्योली आणि सानिता या दोन भागांना लोक उगाच घाबरतात. दिवसा बिनधास्त जा. मारादोनाचं ते प्रसिद्ध १९९० चं भित्तिचित्र स्पान्योलीत आहे, समोर सदैव जत्रा. सानितात पालाझ्झो देल्लो स्पान्योलो या जुन्या वाड्याच्या अंगणातून दुहेरी जिना फुकट बघता येतो, आत लोक राहतात तेव्हा वर चढत सुटू नका. स्कूटर मात्र गल्लीत कुठूनही येते, तेव्हा लक्ष्मी रोड क्रॉस करतो तसंच करायचं, एका चालीने सरळ चालत राहायचं, मधेच थांबलात किंवा धावलात तर चालवणाऱ्याचा अंदाज चुकतो. रस्त्यात कुणी स्वस्तात नवा कोरा फोन देत असेल तर पुढे चला, हा इथला जुना धंदा आहे, पाकिटात फोनऐवजी भलतंच काही निघतं.

शेवटचं, बाथरूम. रस्त्यावर सार्वजनिक टॉयलेट फारच कमी, स्टेशनवरच्याला पैसे पडतात, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी एक काउंटर कॉफी घ्या आणि बारमधलंच वापरा, टिश्यू आपले आपण न्या.