विश्वामित्रीच्या काठी तरुणांचा निसर्गसेवा गट कसा उभारावा

पावागढच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री बडोद्याच्या मधोमध वाहते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि तिचे पाणी अखेर खंभातच्या आखातात जाते. भर वस्तीत मगरींना थारा देणारी ही नदी आहे. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्याच मगरी घरांच्या अंगणापर्यंत आल्या, तेव्हा नदीविषयी आपल्याला किती कमी माहिती आहे हे अनेकांच्या लक्षात आले. तिच्यासाठी काही करावे असे वाटणारे तरुण गल्लोगल्ली आहेत. त्यांनी एका रविवारी झाडू घेऊन फोटो काढण्यापेक्षा वर्षभर एकाच जागेकडे लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

माणसे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील गणेशोत्सव मंडळांतील मुलामुलींना वर्गणी गोळा करणे, पाळ्या लावणे, हिशेब ठेवणे ही कामे अंगवळणी पडलेली असतात. त्यांच्यातूनच दहा-बारा जणांचा गट करावा, सोबत दोन जबाबदार वडीलधारी माणसे घ्यावीत आणि अठरा वर्षांखालील प्रत्येकाच्या पालकांची लेखी संमती आधीच मिळवावी. गटात महाविद्यालयीन विद्यार्थी असतील, तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी आरंभीच बोलावे. या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते. हे काम त्या तासांत धरले गेले, तर परीक्षेच्या दिवसांतही गट टिकतो.

त्यानंतर जागा ठरवावी आणि ती लहानच असावी: आपल्या भागातून नदीकडे जाणाऱ्या कांसाचा, म्हणजे पावसाळी नाल्याचा, एखादा तुकडा, किंवा एखादा पूल आणि त्याच्या जवळची मोकळी जमीन. वॉर्ड कार्यालयाला लेखी कळवावे. काम नदीकाठाशी संबंधित असेल, तर वनखात्यालाही कळवावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत कोणतीही सवलत देऊ नये. पाण्यात उतरायचे नाही, उतारावरून काठापर्यंत जायचे नाही आणि सूर्यास्तानंतर काम करायचे नाही. मगर काठाच्या मातीत बिळे करते. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठावरच खड्डा करून अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. या महिन्यांत ती घरट्याची राखण करत असल्यामुळे मातीच्या काठापासून पूर्णपणे दूर राहावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. तिला दगड मारणे, खायला टाकणे किंवा स्वतः पकडायला जाणे यांपैकी काहीही गटातील कोणाकडून घडता कामा नये. मगर रस्त्यावर दिसली, तर लोकांना लांब ठेवावे आणि वनखात्याला कळवावे, एवढेच आपले काम आहे.

गटाचा खरा आधार म्हणजे नोंदवही. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दोघांनी पुलावर उभे राहून पाहावे आणि लिहावे. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर मगरी अंग शेकायला काठावर येतात, त्यामुळे काळा घोडा पुलासारख्या ठिकाणाहून त्या सहज दिसतात. नोंद अशी असावी: तारीख, वेळ, हवामान, मगरी किती आणि केवढ्या (हातभर, माणसाएवढ्या की त्याहून मोठ्या), पाण्याचा रंग आणि वास, पक्षी कोणते, पात्रात काय अडकले आहे. अंदाज असेल, तर शेजारी ‘अंदाज’ असे लिहावे. मगर दिसली नाही, तर तेही लिहावे, कारण रिकाम्या नोंदीशिवाय पुढची तुलना करता येत नाही.

कचऱ्याचे काम फक्त कोरड्या, सपाट जमिनीवर, हातमोजे घालून करावे. गोळा केलेला कचरा लगेच पोत्यात न भरता जुन्या चादरीवर पसरून वेगळा करावा आणि साध्या काट्यावर तोलावा. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलच्या ताटल्या आणि जरीच्या चुनऱ्यांसकट टाकलेले निर्माल्य वेगवेगळ्या ढिगांत दिसले, की कोणाशी काय बोलायचे ते आपोआप ठरते. निर्माल्याचा ढीग मोठा असेल, तर मंडळांकडे आणि देवळांकडे जावे. पुड्यांचा असेल, तर जवळच्या पानाच्या गल्ल्याकडे, म्हणजे टपरीकडे.

शिकवण्याचे काम याच नोंदींतून करावे. शाळेत किंवा सोसायटीत गेल्यावर प्रदूषणावर भाषण न देता आपल्या कांसातील तीन महिन्यांचे आकडे मोठ्या कागदावर काढून दाखवावेत, गुजराती आणि मराठी दोन्हींत बोलावे आणि मुलांकडून त्यांच्या घरचा एका दिवसाचा कचरा मोजून घ्यावा. पुरात मगरी पाहिलेल्या मुलांच्या मनात भीती असते. ती हसण्यावारी न नेता मगर काय खाते, ती वस्तीत का येते आणि ती दिसल्यावर काय करावे हे शांतपणे सांगावे. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावाची एक सहल जरूर काढावी. बडोदा संस्थानाने सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि तिथे पट्टकादंब हे डोक्यावर काळे पट्टे असलेले स्थलांतरित हंस पाहायला मिळतात.

वृक्षारोपणाचा मोह सर्वांनाच होतो, पण जितक्या रोपांना दोन-तीन उन्हाळे पाणी घालता येईल तितकीच लावावीत. करंज, जांभूळ, अर्जुन अशी इथली झाडे निवडावीत. कोनोकार्पस या शोभेच्या परदेशी झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३मध्ये बंदी घातली आहे. रोपे पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत आणि प्रत्येक रोपापुढे ते सांभाळणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. तो शिक्षणासाठी बाहेरगावी गेला, तर त्याच दिवशी तिथे दुसऱ्याचे नाव घालावे.